मंडईच्या दिवशी एकेचाळीस हजर

सर, तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि चौथीतली रोशनी परिपाठात अजून बोललेली नाही. सकाळची शाळा सुटली, पोरं खिचडी खाऊन घरी पळाली. मी व्हरांड्यात तुमच्या खुर्चीच्या बाजूला खाली फरशीवर बसून हे लिहिते आहे. खुर्चीवर बसायची हिंमत होत नाही. समोरच्या भिंतीवर तुमची पाटी टांगलेली आहे, कोरी. ती माझ्याकडे पाहून राहिली आहे असं वाटते आणि मला राग येतो. खरं सांगू? तुमचाच राग येतो. ‘मी थांबतो’ म्हणाला होतात तुम्ही. हेच का ते थांबणं?

पाचव्या दिवशी तुमच्या गावी पुण्यानुमोदन झालं. विहारासमोर मंडप होता, तालुक्यातले किती तरी मास्तर आले होते. जो उठला तो म्हणाला, सर म्हणजे मूल्यशिक्षणाचं चालतंबोलतं उदाहरण. आपल्या केंद्रप्रमुख साहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. हेच साहेब फेब्रुवारीत फोनवर तुम्हाला म्हणाले होते की तुमच्यापायी अख्ख्या केंद्राचं नाक कापलं गेलं. मग माइक माझ्या हाती आला. सर शांत होते, सर प्रेमळ होते, सर कधी रागावत नसत, असं मी चार मिनिटं बोलले. तेही खोटंच. तुम्ही चांगले रागवत होता, फक्त रागावले की ‘नीता बेटा’ सोडून ‘नीता मॅडम’ म्हणत होता. त्या चार मिनिटांत सांगायचं तेवढं सोडून मी सारं बोलले. मागच्या रांगेत रोशनी आईला चिकटून बसली होती. मी माइक ठेवला तेव्हा तिनं मान खाली घातली.

परवा तिची आई मला बोरिंगवर भेटली. जंगलातून मोहफुलं वेचून आली होती. टोपली उतरवली आणि म्हणाली, “मॅडम, पोट्टी धड जेवून नाई राहिली जी. झोपेतून दचकते. म्हणते, मी मंडईचं सांगतलो म्हणूनच सर मेले.”

मी म्हटलं, “अवं, असं कुठं असते काय?”

“मीबी तेच सांगतलो. पण गावात बाया बोलतात न जी, नोटीस आली अन् मास्तर खचला. ते कानावर पडलं पोट्टीच्या.” मग टोपली परत डोक्यावर घेता घेता म्हणाली, “तुमी सांगाल तं मानंल. तुमचं आयकते ते.”

माझं ऐकते! सर, माझं ऐकूनच तर तिचं तोंड बंद झालं होतं.

तुम्हाला सारं माहीत आहे. तरी लिहिते, कारण एकदा तरी माझ्या हातानं खरं लिहिलं गेलं पाहिजे.

मागच्या जूनमध्ये तो मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम आला तेव्हा आपण दोघंही तीन दिवस तालुक्याला प्रशिक्षणाला गेलो होतो. मी पहिल्या रांगेत, वही-पेन घेऊन. तुम्ही जेवणानंतर मागे भिंतीला टेकून चक्क झोपलात. पुस्तिका मिळाली, रंगीत तक्ते मिळाले आणि ती जाडजूड नोंदवही मिळाली. दर पोराला एक पान. सचोटी, सहकार्य, संवेदनशीलता, नीटनेटकेपणा असे रकाने, दर आठवड्याचं निरीक्षण आणि त्यापुढे श्रेणी. शिवाय कोणत्या दिवशी कोणता तास घेतला, किती हजर, त्याची वेगळी पानं. बसमध्ये परत येताना तुम्ही ती उघडून पाहिली आणि मिटवून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणालात, “पोराची चूक शाईनं लिवायची नसते, बेटा.”

मी म्हटलं, “मग कायनं लिवायची?”

“पेन्सिलीनं. अन् ते पोरानं सोता लिवायची.”

तुमची पाटी मी आले त्या वर्षापासून पाहत होते. लाकडी चौकटीची दगडी पाटी, तुम्ही स्वतः जिच्यावर शिकलात ती. परिपाठाला प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली की ती भिंतीवरून खाली यायची. ज्याच्या हातून काही चुकलं असेल त्यानं उठायचं, एक ओळ लिहायची, वाचून दाखवायची. काऊन केलंस असं कोणी विचारायचं नाही. ज्याचं वाईट केलं त्यानं आधी ‘आयकलो’ म्हणायचं, मग साऱ्यांनी. मग लिहिणाऱ्यानं आपल्याच तळव्यानं ते पुसायचं. एकदा पुसलं की भांडणातही परत काढायचं नाही. पहिलीतल्या एकाला लिहिता येत नव्हतं, त्यानं नुसती कोंबडी काढून दाखवली. त्यानं कोंबडीचं काय केलं ते आजपर्यंत कोणाला कळलं नाही, तरी सारे गंभीर तोंडानं ‘आयकलो’ म्हणाले आणि तुम्ही रुमालात तोंड लपवलं.

त्या ‘आयकलो’त सगळ्यात मोठा आवाज रोशनीचा. जंगलकामावरच्या माणसाची पोरगी, आवाज कसा कमी असणार!

मला ते पटत नव्हतं आणि मी तसं तोंडावर सांगितलं होतं. विशेषतः तुम्ही स्वतः पाटी घेतलीत त्या दिवशी. आदल्या दिवशी रागाच्या भरात तुम्ही तिसरीतल्या एका पोराच्या कानाखाली दिली होती. तुम्ही लिहिलंत, ‘मी काल मारलं, ते चुकीचं होतं,’ आणि त्याच्यासमोर उभे राहिलात. त्यानं पण काय भाव खाल्ला! नाक पुसलं, इकडे तिकडे पाहिलं आणि मग साहेबासारखा म्हणाला, “आयकलो.” मधल्या सुट्टीत मी तुम्हाला म्हटलं, “सर, मास्तरच पोरापुढे चुकला म्हणून उभा राहिला तर धाक काय राहील?” तुम्ही डबा उघडत होता. म्हणालात, “धाकानं खरं बोलते तं धाक गेला की खोटं बोलते.” मी म्हटलं, हे बोलायला सोपं आहे. तुम्ही अंबाडीची भाजी माझ्या डब्यात वाढली आणि वाद तिथंच राहिला. तो अजून तिथंच आहे, सर. मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

आपल्या इथल्या प्रतापगडाचं आठवते? पुस्तिकेत ‘मदतीचा उपक्रम’ होता आणि त्याचा फोटो अपलोड करायचा होता. आपण पोरांना घेऊन गड चढत होतो. वाटेत एक म्हातारी दगडावर बसलेली, पोरांनी आपणहून तिला बाटलीतलं पाणी दिलं. मला मोबाइल काढेपर्यंत पिऊन झालं. मी म्हटलं, “पोरांनो, परत द्या, नीट फोटो येऊ द्या.” म्हातारीनं हात जोडले, “आता तहान नाई वं माय.” तुम्ही हसून हसून पायरीवरच बसलात. दर्ग्यापर्यंत पोहोचलो तरी तुमचं हसू थांबेना. मी इतकी चिडले होते की उतरताना तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. आता एकटीच असताना ते आठवून हसते आणि मग रडू येते.

मग जानेवारीत निरोप आला. कार्यक्रमाच्या दुसऱ्या सत्राची पाहणी गुरुवारी. नोंदवही कोरी होती. अख्खी कोरी.

मी तुमच्याशी भांडले. म्हटलं, “सारे भरतात, सर. तुम्ही एकटेच कोण लागून गेले?” तुम्ही म्हणालात, “मंग खरं लिवू. तास पाटीवर होते, वहीत नाई.” मी म्हटलं, “हे त्यांना सांगून पाहा, काय म्हणतात!” तुम्ही म्हणालात, “सांगतो न. लहानपणी विहारात रोज म्हणत होतो आमी, खोटं बोलणार नाही म्हणून. त्याले कोणी श्रेणी देली काय?” तुमच्याशी बोलण्यात अर्थच नव्हता. शनिवारी तुम्ही पोषण आहाराच्या तांदळासाठी नवेगाव बांधला गेलात आणि मी दार लोटून बसले. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंतचं सारं एका बैठकीत भरलं. कधी निळा पेन, कधी काळा. एका पानावर मुद्दाम चहाचा डाग पाडला, वही वापरात आहे असं दिसावं म्हणून. स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी! कॅलेंडर पुढं ठेवलं होतं, लाल तारखा तेवढ्या सोडल्या.

सोमवारी तुमच्यापुढे धरली तर तुम्ही सहीच करेनात. मी रडले. दोन मुलं, नवऱ्याचं कोहमाऱ्यातलं दुकान चालत नाही, माझ्या नोकरीवर काही आलं तर, असं काय काय बोलले. तुम्ही वाचलं नाही. सही केली आणि म्हणालात, “आता हे दोघांची चूक झाली, नीता मॅडम.” माझ्या रडण्यावर सही केलीत तुम्ही, वहीवर नाही.

गुरुवारी पाहणीच्या बाई आल्या. चांगल्या होत्या, पोरांशी गोड बोलत होत्या. त्यांनी वही मधूनच उघडली आणि नेमकं रोशनीला उभं केलं. “या दिवशी तुम्ही सहकार्यावर गटचर्चा केली. सगळे एकेचाळीस हजर होते. काय बोललात बेटा त्या दिवशी?”

रोशनीनं तारीख ऐकली. तिनं आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, “त्या दिवशी तं आमच्या गावची मंडई होती जी. शाळाच नोहती. नीता मॅडम माह्यासंग पाळण्यात बसल्या होत्या.”

पोरं खो खो हसली. त्यांना वाटलं, मॅडम पाळण्यात बसल्या याचं हसू आहे.

दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. कॅलेंडरवर ती कुठं लाल असते? पण मी काही पुण्या-मुंबईची नाही. इथंच जन्मले. आणि त्या दिवशी तुमच्याच आग्रहावरून मी मुद्दाम आले होते, रोशनीच्या आईनं मला जेवू घातलं होतं, रात्री दंडारीचं नाटक पाहिलं होतं. पाळणा वर गेला तेव्हा मी ओरडले आणि त्या पोरीनं माझा हात धरून ठेवला होता. तो दिवस मी खोट्या हजेरीखाली गाडून टाकला आणि मला आठवलाही नाही.

बाईंनी हजेरीपट मागवला. त्यात तुमच्या अक्षरात ‘स्थानिक सुट्टी’. त्या तुमच्याकडे वळल्या. “नोंदवहीतलं अक्षर कोणाचं आहे?”

तुम्ही म्हणालात, “सही माझी आहे, मॅडम.”

तेव्हाही खोटं बोलला नाहीत. मी तीन हातांवर उभी होते. ‘अक्षर माझं आहे’, तीन शब्द होते, सर. मी चुलीवरच्या खिचडीच्या गंजाकडे पाहत राहिले. नोटीस तुमच्या नावानं आली.

आणि त्याच दिवशी, शाळा सुटताना, मी रोशनीला स्वयंपाकखोलीमागे गाठलं. हे तुम्हाला पूर्ण कधी सांगितलं नाही. मी तिला म्हटलं, “लय शहाणी झालीस काय? विचारलं तेवढंच सांगायचं असते.” ती म्हणाली, “विचारलं तेवढंच सांगतलो न मॅडम.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, “उलटून बोलते? सरांना आता काय भोगावं लागते ते पाहशील तू. यापुढे परिपाठात तोंड उघडायचं नाही.”

सरांना काय भोगावं लागते ते पाहशील. हेच शब्द. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. आता त्या दहा वर्षांच्या जिवानं दुसरं काय समजायचं?

तुम्हाला मी सांगितलं नव्हतं, तरी ‘आयकलो’तला तिचा आवाज गेला हे तुम्ही दुसऱ्याच दिवशी ओळखलं. दोन-तीन दिवस वाट पाहिली आणि मग म्हणालात, “मॅडम, पाटी तिथंच आहे.” मी फणकारले, “मी तुमच्यासाठीच केलं होतं सारं! मी नाही घेणार पाटी.” तुम्ही म्हणालात, “बरं. मी थांबतो. फक्त पोट्टी चौथी पास होऊन जायच्या आधी.” मार्च उजाडला. तुम्ही रोज पाटी उतरवत होता, रोज एकदा माझ्याकडे पाहत होता आणि मी रोज खाली पाहत होते. एकदा तरी ओरडायचं होतं हो माझ्यावर!

कार्यालयाला द्यायचा अर्ज लिहून झाला आहे. नोंदी माझ्या अक्षरातल्या आहेत, मुख्याध्यापकांनी माझ्या विनंतीवरून सही केली, असं साफ लिहिलं आहे. तो लिहायला अर्धा तास लागला. साहेबांपुढे चूक मान्य करणं एवढं कठीण नाही, हे मला आज कळलं. उद्या पोरांपुढे उभं राहायचं आहे, खरं कठीण ते आहे. ती ‘आयकलो’ म्हणालीच नाही तर? नियम तुमचाच आहे, तिनं आधी म्हटल्याशिवाय दुसऱ्या कोणाला म्हणता येत नाही. मग पुसताही येत नाही.

इथपर्यंत परवा लिहिलं होतं. आता पुढचं.

काल परिपाठ झाल्यावर मी पाटी उतरवली. पोरांना वाटलं, सरांची आठवण म्हणून काही करते आहे. मी लिहिलं, वाचलं. ‘वहीत खोटं मी लिहिलं. रोशनीनं खरं सांगितलं म्हणून मी तिला रागावले.’ तुम्ही एक ओळ म्हणत होता, माझ्या दोन झाल्या.

सारी पोरं रोशनीकडे वळली. ती खाली पाहून फरशीवर बोट ओढत होती. मागून दुसरीतली एक कुजबुजली, “म्हण न वं.” रोशनी म्हणेना. मी पाटी धरून उभी, घाम कानामागून उतरत होता. मला वाटलं, संपलं. आता ही पाटी अशीच लिहिलेली राहणार.

मग ती मान वर न करता बोलली, “मंग सर कायनं मेले?”

नियमात प्रश्न बसत नाही. पण मी खडूंचा डबा आणला. तुम्ही त्यात खडूंखाली गोळ्या ठेवत होता, तुम्हाला वाटायचं कोणाला माहीत नाही. मी ती पट्टी तिच्या हातात दिली. “ह्या छातीच्या गोळ्या आहेत. तू अंगणवाडीत होतीस तेव्हापासून सर खात होते. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं होतं.”

तिनं पट्टी उलटून सुलटून पाहिली. “पण नोटीस तं माह्यानं आली न?”

“नाही बेटा. माझ्यानं आली. मी खोटं लिहिलं नसतं तर तुला विचारायचं काही कारणच नव्हतं.” बेटा. तुमचा शब्द माझ्या तोंडून गेला, तेव्हा मला कळलं की मी रडते आहे.

ती एवढ्या हळू ‘आयकलो’ म्हणाली की शेजारच्या पोरानं मान पुढे काढून खात्री करून घेतली. मग सारे म्हणाले. मी तळव्यानं पुसलं. शाळा सुटल्यावर अर्ज देऊन आले. आता नोटीस माझ्या नावानं येईल, येऊ द्या. तुमच्या नावावर डाग नको. तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात त्याबद्दल मी तुमची आभारी आहे आणि त्याच गोष्टीसाठी तुमच्याशी भांडणारही आहे, जिथं भेटाल तिथं.

आज सकाळी कोहमाऱ्याच्या चौकात ट्रक आडवा झाला होता, स्कुटी निघेना. शाळेत पोहोचले तर प्रार्थना आटोपली होती. पोरं ओळीनं बसली होती आणि माझ्या जागी परिपाठ घेणारी रोशनी सगळ्यांच्या समोर उभी होती. पाटी भिंतीवर नव्हती, तिच्या हातात होती, पेन्सिलही तयार.

“मॅडम,” ती म्हणाली, “सात वाजून बारा मिनटं झाले.” आणि पाटी माझ्यापुढे धरली.

काऊन उशीर झाला हे कोणी विचारलं नाही, तो नियमच आहे. मी स्कुटीची किल्ली ओठात धरली आणि लिहिलं, ‘मी आज उशिरा आले.’ किल्ली काढून वाचून दाखवलं. सगळी पोरं गप्प बसून होती, कारण आधी कोणी म्हणायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रोशनीनं छाती भरून श्वास घेतला आणि “आयकलो!” म्हणाली, इतक्या मोठ्यानं, की बोरिंगवरच्या बाया पाण्याच्या गुंड्या खाली ठेवून शाळेकडे पाहू लागल्या.